हिवाळ्याच्या तयारीच्या नोंदी: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुने घर, ऑक्टोबर ते जानेवारी

१४ ऑक्टोबर

गेल्या जानेवारीत एका रात्री साडेअकराच्या सुमारास गेलेली वीज पहाटे पाचनंतर आली. बाहेर धुके इतके दाट होते की गल्लीच्या तोंडाशी असलेला खांबही दिसत नव्हता. त्या रात्री आम्ही रजया ओढून पडून राहिलो आणि सकाळी चहाबरोबर तो विषय संपला. या वर्षी तसे करून चालणार नाही, कारण ऑगस्टपासून सासूबाईंना, म्हणजे आईंना, डॉक्टरांनी रात्री झोपताना मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन सांगितला आहे. तो देणारे यंत्र, ज्याला कॉन्सन्ट्रेटर म्हणतात, विजेवर चालते.

म्हणून या वहीत तारखेनिशी नोंदी ठेवायचे ठरवले आहे. मी बावीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, पण स्वतःच्या घरातला विद्युतभार कधी कागदावर मांडला नव्हता. तो आज मांडला. २५ लिटरचा गीझर २००० वॅट, तेल भरलेला रेडिएटर पूर्ण वेगावर २००० वॅट, पाण्याची अर्ध्या अश्वशक्तीची मोटर चारशे वॅटच्या आसपास आणि कॉन्सन्ट्रेटर पट्टीवर लिहिल्याप्रमाणे ३५० वॅट. त्याशिवाय फ्रिज, दिवे आणि राऊटर. ही यादी दोन रकान्यांत लिहिली: वीज गेल्यावर ज्याच्याशिवाय रात्र काढता येत नाही ते डावीकडे आणि बाकी सगळे उजवीकडे. डाव्या रकान्यात कॉन्सन्ट्रेटर, आईंच्या खोलीतला एक दिवा आणि जिन्यातला एक दिवा, एवढेच उरले. ऊब आणि गरम पाणी मी आधी डावीकडे लिहिले होते, मग खोडून उजवीकडे नेले. ऊब लागते यात वाद नाही, परंतु ती बॅटरीतून काढणे म्हणजे तांब्याने विहीर उपसण्यासारखे आहे. १००० वॅटचा हीटर १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ शंभर अँपिअर ओढील आणि तासाभरात तिचा जीव घेईल. ऊब दुसऱ्या कशात तरी साठवून ठेवावी लागेल.

१९ ऑक्टोबर

जुना इन्व्हर्टर आणि त्याची १५० अँपिअर-तासांची बॅटरी तपासली. बॅटरी साडेचार वर्षांची आहे. आदल्या रात्री पूर्ण चार्ज होऊ दिली, सकाळी दोन तास विश्रांती दिली आणि मग हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत त्याची घनता, मोजले. पाच सेल १.२१ ते १.२२ च्या दरम्यान आले. चौथा १.१५ वर अडकला. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असताना हा आकडा १.२४ च्या आसपास असायला हवा आणि सेलांमध्ये फार फरक नसावा. बॅटरीवरचे फ्लोट सगळे हिरव्या खुणेवर होते. ते फ्लोट पाण्याची पातळी सांगतात, चार्जची नाही. आम्ही इतकी वर्षे तो हिरवा रंग बघून निश्चिंत होतो.

दुपारी कॉन्सन्ट्रेटर या इन्व्हर्टरवर चालवून पाहिला. यंत्रातून लगेच घरघर ऐकू आली, कारण हा इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतो आणि कॉम्प्रेसरच्या मोटरला तशी वीज मानवत नाही. मोटर जास्त तापते. एक तास पस्तीस मिनिटांनी इन्व्हर्टरने शिट्टी दिली. कागदावर हिशेब केला तर १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास दिसतात, पण हा आकडा बॅटरी दहा ते वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरच खरा. तीस-पस्तीस अँपिअर एकदम ओढले की बॅटरी त्याच्या सत्तर टक्केही देत नाही, त्यातून इन्व्हर्टर आपला पंधरा टक्के कर कापतो, आणि थंडीत रासायनिक क्रिया मंदावल्यामुळे आणखी दहा टक्क्यांच्या वर घट येते. ऑक्टोबरच्या उकाड्यात जे दीड तास टिकले ते जानेवारीत सव्वा तास टिकेल असे धरायला हवे.

निर्णय: जुना इन्व्हर्टर दिव्यांपुरता राहील. कॉन्सन्ट्रेटरसाठी शुद्ध साइन लहरीचा, म्हणजे मुख्य विजेसारखी गुळगुळीत वीज देणारा, २४ व्होल्टचा वेगळा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या. २४ व्होल्ट घेण्याचे कारण असे की तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह निम्मा होतो, तारा कमी तापतात आणि प्रत्येक बॅटरीवरचा ताण उतरतो.

२६ ऑक्टोबर

गच्चीचे काम. आमचे घर लष्करातल्या बहुतेक जुन्या घरांसारखे दगडी पटियांचे आहे; तुळयांवर पटिया मांडून वर चुन्याचा कोबा केलेला आहे. पावसाळ्यात एका सांध्यातून ओल उतरली होती आणि ती नेमकी जिन्यातल्या वीजफलकाच्या हातभर अंतरावर दिसत होती. मावठ्याचा पाऊस फार नसतो, पण तो येतो तेव्हा गारा आणि वारा घेऊन येतो, आणि ओल एकदा फलकात शिरली की बाकीच्या तयारीला अर्थ राहत नाही. मिस्त्रीने सांधा छिन्नीने उकरला, आतून पिंपळाचे सुतासारखे मूळ निघाले. ते नुसते तोडले तर पुन्हा फुटते, म्हणून शक्य तेवढे खणून काढले आणि सांधा भरून वर जलरोधक लेप दिला. पन्हळीत कबुतरांच्या घरट्याच्या काड्या गच्च बसल्या होत्या. त्या काढल्यावर बादलीभर पाणी ओतून पाहिले, ते खाली सरळ उतरले.

पाण्याची व्यवस्था अशी: नळाचे पाणी तळमजल्याच्या हौदात पडते आणि मोटर ते गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत चढवते. वीज नसेल तर मोटर नाही, आणि मोटर इन्व्हर्टरवर लावण्याचा मोह मी टाळला आहे, कारण सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. उपाय साधा आहे: टाकी रोज संध्याकाळी काठोकाठ भरलेली असावी. भरलेल्या टाकीतून पाणी आपल्या वजनाने खाली येते, त्याला वीज लागत नाही. टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह चिकटत होता, तो बदलला. टाकीचे झाकण गेल्या वर्षी वाऱ्याने शेजारच्या गच्चीवर नेले होते. ते आता नायलॉनच्या दोरीने दोन बाजूंनी बांधले आहे.

फ्लोट बदलताना एक आठवण झाली, ती इथे लिहून ठेवते. ग्वाल्हेरला पाणी देणाऱ्या सांक नदीवरच्या तिघरा धरणावर विश्वेश्वरय्यांनी आखलेली स्वयंचलित दारे बसवली होती. तशी दारे त्याआधी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला बसली होती. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की दार माणसाच्या हाताशिवाय उघडते, उतरले की मिटते. आमचा वीतभर फ्लोट त्याच घराण्यातला, फक्त उलटा चालणारा: पाणी चढले की मिटतो, उतरले की उघडतो.

४ नोव्हेंबर

पुतण्या टेक्सासमध्ये असतो. माझी ही खटपट ऐकून त्याने तिकडची तयारीची यादी पाठवली आणि फेब्रुवारी २०२१ च्या वादळात पंचेचाळीस लाखांहून अधिक घरांची व व्यवसायांची वीज गेली होती तेव्हाचे अनुभव सांगितले. त्यांच्या यादीत पहिले काम नळांना गुंडाळण्याचे आहे, कारण पाणी गोठताना आकारमानाने सुमारे नऊ टक्के वाढते आणि पाईप फोडते. आपल्याकडे पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, पण तो तासन्‌तास शून्याच्या बराच खाली राहत नाही. आमचे नळ फुटणार नाहीत. तरीही मी गीझरपासून आईंच्या न्हाणीघरापर्यंतचा अकरा फुटांचा बाहेरचा पाईप फोमच्या नळीने गुंडाळून घेतला. हेतू वेगळा आहे: त्या पाईपमधले पाणी दर वेळी थंड होऊन वाया जात होते, आणि गरम पाणी येईपर्यंत आई कुडकुडत उभ्या राहत होत्या.

त्याच दिवशी गीझर उघडला. दिवाळीच्या साफसफाईत इतर सगळे घर उघडले जाते, गीझर मात्र कोणी उघडत नाही. खालचा नट सैल केल्यावर आधी गढूळ पाणी आले, मग पांढऱ्या खपल्या. एलिमेंटवर अर्ध्या बोटाइतका क्षाराचा थर होता, खडबडीत आणि पिवळट, जुन्या तांब्याच्या बंबाच्या आत बसतो तसा. क्षार उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, एलिमेंट आतून तापत राहते आणि एके दिवशी तुटते. मॅग्नेशियमचा दांडा, जो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो, जवळजवळ तारेइतका उरला होता. दोन्ही बदलले. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उचलून पाहिला, तो मोकळा आहे.

११ नोव्हेंबर

आज जे आढळले त्यामुळे दिवसभर अस्वस्थ होते. रेडिएटरसाठी स्वतंत्र तार ओढायची म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावले होते. त्याने आईंच्या खोलीतला जुना प्लगबोर्ड उघडला आणि न बोलता माझ्यापुढे धरला. सॉकेटचे एक भोक कडेने वितळून लांबट झाले होते, मागची तार दोन इंचांपर्यंत काळी पडली होती आणि तिचे आवरण बोट लावताच भुग्यासारखे गळले. गेले तीन हिवाळे आम्ही याच सॉकेटवर हीटर लावत होतो. “मॅडम, ये तो कब का जल चुका, बस आग नहीं पकड़ी,” एवढे म्हणून तो कामाला लागला.

कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो, आणि हा सॉकेट सहा अँपिअरचा, दिव्याच्या तारेवरचा होता. सैल संपर्काच्या जागी उष्णता साचत गेली. आता फलकापासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी तार, १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याचा स्वतःचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, आहे. गीझरलाही तसेच केले. संपूर्ण घरावर ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक, म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. बसवल्यावर तो लगेच पडला आणि तासाभराने कळले की न्हाणीघरातल्या दिव्याच्या पेटीत ओल होती.

मंजूर भार तीन किलोवॅट आहे. माझ्या यादीतील सगळी यंत्रे एकदम चालली तर पाच किलोवॅटच्या पुढे जातात. भार वाढवण्याचा अर्ज दिला आहे. तोवर गीझर आणि रेडिएटर एका वेळी चालवायचे नाहीत असा नियम केला आणि तो फलकाच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवला.

२३ नोव्हेंबर

नवा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या लोहिया बाजाराजवळून आणल्या. ठेवण्याच्या जागेवरून घरात थोडी चर्चा झाली. हे शनिवारी भोपाळहून आले होते. त्यांचे म्हणणे, आईंच्या खोलीतच ठेवू, तार आखूड राहील. मी नाही म्हटले. चार्ज होताना अशा बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, आणि बंद खोलीत, ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी, तो नको. शेवटी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, जाळीच्या खिडकीजवळ, लाकडी पाटावर त्या ठेवल्या. बॅटरी ते इन्व्हर्टर जाड तार तीन फुटांचीच आहे. तिथून पुढे २३० व्होल्टची तार खोलीपर्यंत लांब गेली तरी तोटा नगण्य आहे. टोकांना पेट्रोलियम जेली लावली. जुन्या बॅटरीच्या टोकांवर साचलेला निळसर-पांढरा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, झाकणे घट्ट लावलेली आहेत याची खात्री करून.

२४ नोव्हेंबर

चाचणी. मापकावर कॉन्सन्ट्रेटर दोन लिटरला २९० वॅट घेतो असे दिसले. सकाळी नऊला मुख्य स्विच बंद केला आणि दर अर्ध्या तासाने व्होल्टेज लिहीत गेले. दुपारी तीनला, सहा तासांनी, भारासह २३.७ व्होल्ट होते आणि मी स्वतःहून थांबवले. हिशेबाने साठवलेल्या ऊर्जेपैकी साठ टक्क्यांच्या आत खर्च झाली होती. त्याहून खोल उतरवले की बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. पुन्हा पूर्ण भरायला मात्र रात्री एक वाजला, म्हणजे दहा तास लागले. ही गोष्ट सहा तासांच्या आनंदापेक्षा महत्त्वाची आहे. संध्याकाळी लांब वीज गेली आणि पहाटे पुन्हा गेली तर दुसऱ्या वेळी आपल्याकडे अर्धीच शिल्लक असेल.

म्हणून दुसरी फळी म्हणून बी प्रकारचा ऑक्सिजन सिलिंडर घ्यायचा ठरला. त्यात सुमारे दीड हजार लिटर वायू मावतो. मिनिटाला दोन लिटरने बारा तास. त्याला वीज लागत नाही. रेग्युलेटर लावणे आणि काढणे मी व शेजारच्या काकू, दोघींनी चार वेळा करून पाहिले, कारण मी घरी नसताना हे काम त्यांच्यावर येणार आहे.

३ डिसेंबर

आईंची खोली. १२ बाय १४ फुटांची, आणि उंची १३ फूट. ग्रीष्मात हीच उंची आम्हाला तारते. सकाळी सहाला बाहेर ९ अंश असताना आत १४ अंश होते. खोलीतली सगळी हवा दहा अंशांनी तापवायला फक्त एक पंचमांश युनिट वीज पुरते, हे गणित करून मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. मग रेडिएटर दोन-दोन तास चालूनही खोली थंड का? कारण दीड फूट जाडीच्या दगडी भिंती. त्या थंड असेपर्यंत हवेतली ऊब शोषत राहतात, आणि फटींतून येणारा वारा उरलेली घेऊन जातो. तेव्हा रात्री नऊला रेडिएटर पूर्ण वेगात लावण्याऐवजी तो दुपारी चारपासून सर्वांत कमी, ८०० वॅटच्या खुणेवर ठेवायचा आणि भिंतींना हळूहळू शेकू द्यायचे. तेल भरलेला असल्याने वीज गेल्यावरही अर्धा तास तो कोमट राहतो.

खिडक्यांच्या चौकटींना फोमची पट्टी लावली. दाराखालच्या दोन बोटांच्या फटीसाठी जुन्या सतरंजीची लांब पिशवी शिवून तिच्यात वाळू भरली. पलंगाच्या दांड्यांवर, मच्छरदाणीच्या जागी, जाड सुती चांदणी टाकली, त्यामुळे ऊब छताकडे पळत नाही. चारही बाजूंनी पडदे सोडावेत असे आधी वाटले होते; ते रद्द केले, कारण नळीतून निसटणारा ऑक्सिजन बंदिस्त कापडात साचणे धोक्याचे आहे. वरचे पूर्वेचे रोशनदान मुद्दाम उघडे ठेवले आहे.

आठवड्यानंतरचे माप: बाहेर ८ अंश, आत १७.

१२ डिसेंबर

आज आईंशी सिगडीवरून बोलणे झाले. त्यांचे सगळे आयुष्य कोळशाच्या सिगडीशेजारी गेले आणि रात्री खाटेखाली निखारे ठेवणे त्यांना अजूनही सर्वांत भरवशाचे वाटते.

“अगं, वीज गेली तर तुझं ते तेलाचं यंत्र काय कामाचं? सिगडीला कुठे तार लागते?”

मी म्हटले, “आई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, तिला तार लागत नाही. पण तुमच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी आहे, तिथे ठिणगी चालणार नाही.”

यावर त्या काही बोलल्या नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचे मी त्यांना सांगितले नाही, पण इथे लिहिते: तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि निखारे विझत आले, धूर दिसेनासा झाला की सिगडी निर्धोक झाली असे वाटते, ते उलट आहे. जुन्या वाड्यांना इतक्या फटी असत की माणसे वाचत. मी नुकत्याच त्या फटी बुजवल्या आहेत.

सिगडीच्या जागी काय, हा त्यांचा प्रश्न मात्र रास्त होता. रात्री त्याचे उत्तर वहीत मांडले. गीझरमधले २५ लिटर पाणी ६० अंशांवर असेल आणि ते वापरताना ३५ पर्यंत उतरेल असे धरले, तर त्यात ७०० वॅट-तासांहून अधिक उष्णता आहे. जुन्या बॅटरीने ऑक्टोबरच्या चाचणीत एवढीही वीज दिली नव्हती! गीझर भिंतीवर टांगलेली बॅटरीच आहे, फक्त ती विजेऐवजी ऊब साठवते, आणि गच्चीवरची टाकी भरलेली असेल तर वीज नसतानाही नळ सोडताच वरचा थंड पाण्याचा दाब ते गरम पाणी बाहेर ढकलतो. रात्री नऊला ५९ अंश मोजून गीझर बंद केला. पहाटे पाचला ५१ अंश होते. रबरी पिशवीत दोन लिटर भरून पायाशी ठेवली तर ती आईंना निम्मी रात्र पुरते. पिशवी दोन-तृतीयांशच भरायची, हवा काढून टाकायची, आणि तिला टॉवेल गुंडाळायचा. वयस्कर त्वचेला चटका कळत नाही आणि फोड मात्र येतो.

२८ डिसेंबर

पहिला मावठा. संध्याकाळी पश्चिमेकडून ढग आले, साडेसातला टपोऱ्या गारा पडल्या आणि ७.४८ ला वीज गेली. टाकी भरलेली होती, गीझर ६० वर होता, रेडिएटर कोमट होता. कॉन्सन्ट्रेटर मात्र बंद पडला आणि कर्कश ओरडू लागला.

मी सिलिंडरकडे धावले, रेग्युलेटर लावला, आईंची नळी तिकडे जोडली. त्या शांत होत्या. माझेच हात कापत होते. जोडून होते न होते तोच कॉन्सन्ट्रेटर आपोआप सुरू झाला. घड्याळाने तीन मिनिटे झाली होती. इन्व्हर्टरचा दिवा हिरवा होता, म्हणजे त्याने वीज लगेच दिली होती. मग मधली तीन मिनिटे कुठे गेली?

उत्तर रात्री अकराला सापडले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्होल्टेज खाली येऊ लागले म्हणून मी इन्व्हर्टर आणि कॉन्सन्ट्रेटर यांच्या मध्ये एक स्टॅबिलायझर लावला होता. वीज क्षणभर तुटली की तो तीन मिनिटे थांबून मगच पुढे सोडतो. फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी ही सोय चांगली आहे. इन्व्हर्टरने मुख्य विजेवरून बॅटरीवर येताना घेतलेला डोळ्याला न कळणारा झटका त्याने पकडला. २४ नोव्हेंबरच्या चाचणीत तो नव्हता, आणि तो लावल्यावर मी पुन्हा चाचणी घेतली नाही. चूक पूर्णपणे माझी. स्टॅबिलायझर आता इन्व्हर्टरच्या आधी, येणाऱ्या विजेच्या बाजूला हलवला. सकाळी मुख्य स्विच पाच वेळा बंद-चालू करून पाहिला. यंत्राचा आवाज एकदाही बदलला नाही.

वीज रात्री ११.४० ला आली. गच्चीचा सांधा कोरडा आहे.

९ जानेवारी

तीन दिवस धुके. अशा हवेत वीज जाण्याचे प्रमाण वाढते त्याला कारण आहे: पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत, तारा खांबापासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या चकत्यांवर धूळ आणि काजळी बसलेली असते, कोरडी असेपर्यंत ती निरुपद्रवी, पण धुक्याने ओली झाली की तिच्यावरून वीज वाट काढते आणि लाइन बंद पडते. जोराचा पाऊस त्या चकत्या धुऊन काढतो, धुके नुसते भिजवते.

आज पहाटे व्होल्टेज १९० वर आले होते. २००० वॅटचे एलिमेंट १९० व्होल्टवर जेमतेम १३६० वॅट देते, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १२ अंशांचे पाणी ६० वर न्यायला जिथे बेचाळीस मिनिटे लागत तिथे तासभर लागला. गल्लीतल्या सगळ्या घरी पहाटे सहाला गीझर लागतात. आमचा आता दुपारी दोनला आणि रात्री आठला लागतो. पहाटे त्याला हात लावायचा नाही. भार वाढवून मिळाला आहे, पण फलकावरचा कागद मी काढलेला नाही.

गेल्या तीन रात्रींत वीज चार वेळा गेली, सर्वांत लांब दोन तास वीस मिनिटे. सिलिंडर लागला नाही.

१९ जानेवारी

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात जाऊन आले. १९०५ पासून भरणाऱ्या या मेळ्यात दर वर्षी आम्ही लोणच्याची बरणी आणि एखादी शाल घेऊन परततो. या वर्षी दोन जादा रबरी पिशव्या आणि आईंसाठी लोकरी मोजे आणले. मोजे बघून त्या म्हणाल्या, “हे बरं केलंस. याला ना तार, ना चार्जिंग.”

संध्याकाळी बॅटऱ्यांचे माप घेतले. बारा सेलांपैकी अकरा १.२३ ते १.२४, एक १.२२. जिन्यात १० अंश आहेत, आणि थंडीत बॅटरीला पूर्ण भरण्यासाठी प्रत्येक सेलमागे दर अंशाला तीन ते पाच मिलिव्होल्ट जास्त द्यावे लागतात. आमच्या इन्व्हर्टरला तापमान कळत नाही. त्याच्या मागे चार्जिंगचा एक छोटा स्विच आहे, तो हिवाळ्यापुरता वरच्या खुणेवर केला. मार्चमध्ये, होळीच्या आधी, तो परत खाली करायचा आहे. नाहीतर उकाड्यात बॅटऱ्यांचे पाणी उडून जाईल. कॅलेंडरवर खूण केली. १.२२ चा सेल दर रविवारी मोजायचा.